कंत्राटी कामगारांचं सॉफ्टवेअर: गेट, मस्टर, चलन आणि बिल यांचा मेळ कसा घालायचा?

चाकण_एचआर
नमस्कार मंडळी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी कंत्राटी कामगार व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर निवडायचं आहे. ठिकाण चाकण. ११ कंत्राटदार, साधारण ४५० कामगार, तीन पाळ्या, दोन गेट. पंच मशीन आहे, पण बिल निघतं ते कंत्राटदाराने महिनाअखेरीस पाठवलेल्या एक्सेलवर. पीएफ-ईएसआयची (ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा) चलनं, म्हणजे पैसे भरल्याच्या पावत्या, पीडीएफ म्हणून बिलाला जोडलेली येतात. डेमोमध्ये सगळेच विक्रेते डॅशबोर्ड दाखवतात. मला हवंय ते वेगळं: बिल कशाच्या आधारावर पास करायचं किंवा अडवायचं, आणि सॉफ्टवेअर नेमकं कुठे कमी पडतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

मस्टर_तपासनीस
मुळात हे हजेरीचं सॉफ्टवेअर नाहीच. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे चार आकडे एका ओळीत यायला हवेत: गेटवर किती दिवस दिसला, मस्टरवर किती दिवस लागले, पीएफच्या फाइलीत किती पगार दाखवला आणि बिलात किती दिवस लावले. या चारांत फरक असेल त्या ओळीचे पैसे थांबायला हवेत. डॅशबोर्ड वगैरे नंतर बघा.

चलनाची पीडीएफ बघून बिल पास करणं ही सगळीकडची जुनी खोड. कंत्राटदाराचा पीएफ कोड एकच असतो आणि त्याच कोडवर त्याची पाच कंपन्यांची माणसं भरलेली असतात. चलनावर दिसते ती एकूण रक्कम. तुमच्या गेटमधून रोज आत येणारा माणूस त्यात आहे की नाही, हे चलन सांगतच नाही. त्यामुळे चलनासोबत ईसीआरची, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणपत्राची, टेक्स्ट फाइल मागायची. तिच्यात प्रत्येक सभासदाची एक ओळ असते आणि रकाने #~# या चिन्हांनी तोडलेले असतात. क्रम असा: यूएएन (सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांक), नाव, एकूण वेतन, ईपीएफ वेतन, ईपीएस (पेन्शन) वेतन, ईडीएलआय (पीएफशी जोडलेला विमा) वेतन, ईपीएफ वर्गणी, ईपीएस वर्गणी, दोन्हींतला फरक, एनसीपी दिवस, अग्रिमाची परतफेड. एकूण अकरा रकाने. सॉफ्टवेअरने ही फाइल थेट वाचून यूएएनवर जुळवणी करायला हवी, नावावर नव्हे. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं.

या अकरांतला सगळ्यात बोलका रकाना एनसीपी दिवसांचा, म्हणजे ज्या दिवसांची वर्गणी नाही ते दिवस. महिना ३० दिवसांचा, चार साप्ताहिक सुट्ट्या, गेटवर माणूस २४ दिवस दिसला, तर एनसीपी २ यायला हवा. ईसीआरमध्ये १४ असेल तर निम्म्या महिन्याचाच पगार दाखवून वर्गणी वाचवली आहे. दोन अपवाद मात्र सिस्टिमला कळायला हवेत: महिन्याच्या मध्ये लागलेला माणूस, आणि त्याच कंत्राटदाराकडे अर्धा महिना दुसऱ्या कंपनीत काम केलेला माणूस. ओळ लाल झाली म्हणजे चोरीच, असं धरू नका. कारण नोंदवायला रकाना ठेवा आणि ते कारण मंजूर कोणी केलं तेही साठवा.

फाइल एडिट करून पाठवता येते हे लक्षात ठेवा. फाइलीतल्या रकमांची बेरीज आणि चलनावरच्या रकमा सिस्टिमने ताडून पाहाव्यात आणि टीआरआरएन, म्हणजे चलनावरच्या संदर्भ क्रमांकाने, पैसे भरल्याची पोर्टलवर खात्री करावी. ईपीएफओच्या पोर्टलवर प्रिन्सिपल एम्प्लॉयर (काम देणारी मूळ कंपनी) म्हणून आपले कंत्राटदार जोडण्याची सोयही आहे, ती वापरा.

वेतनपत्रक_ताई
वरच्याला जोडून आकडेमोड देते, म्हणजे डेमोमध्ये तपासता येईल.

समजा किमान वेतन महिन्याला १३,००० रुपये आहे. रोजचा दर २६ ने भागून ५००. महाराष्ट्रात ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना किमान ५ टक्के घरभाडे भत्ता लागतो, म्हणजे ६५०. बाहेरच्या राज्यात बनलेली बरीच सॉफ्टवेअर इथेच अडखळतात: हा भत्ता मूळ वेतनातच गिळतात किंवा सोडूनच देतात. पीएफ १३,००० वर: कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,५६०, मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के म्हणजे १,०८३ पेन्शनला आणि उरलेले ४७७ पीएफला. वर ०.५ टक्के ईडीएलआय आणि ०.५ टक्के प्रशासन शुल्क. ईएसआय, १९४८ च्या कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येने, १३,६५० वर (वेतन अधिक घरभाडे): कामगाराचे ०.७५ टक्के १०२.३८ होतात, पण ते पुढच्या रुपयाला चढवून १०३ धरायचे. पीएफमध्ये जवळच्या रुपयाला, ईएसआयमध्ये वरच्या रुपयाला. हा फरक सॉफ्टवेअरला शिकवला नाही तर दर महिन्याला शेकडो ओळींत एकेक रुपयाचा फरक दिसतो आणि त्या गर्दीत खरी चूक हरवते.

ईएसआयची हमखास चूक ओव्हरटाइमची. ईएसआय लागू होण्याची २१,००० ची वेतनमर्यादा बघताना ओव्हरटाइम धरायचा नाही, पण १९४८ च्या कायद्याच्या व्याख्येने वर्गणी कापताना मात्र धरायचा. दिवाळीआधी ओव्हरटाइम वाढून एकूण रक्कम २२,००० झाली की चुकीची मांडणी असलेली सिस्टिम त्या माणसाला ईएसआयमधून बाहेर काढते. तसंच पगारवाढीने मर्यादा ओलांडली तरी वर्गणी कालावधी संपेपर्यंत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) तो आतच राहतो. अधेमधे बाहेर काढला आणि अपघात झाला, तर कोणाच्या गळ्यात पडेल हे सांगायला नको.

किमान वेतनाचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो आणि परिपत्रक पुष्कळदा नंतर हाती येतं. त्यामुळे दर एका रकान्यात न ठेवता "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असे ठेवायला हवेत आणि मागचा फरक काढून त्याची वेगळी ईसीआर बनवता यायला हवी. दर ठरताना अनुसूचित उद्योग (किमान वेतनाच्या यादीतला उद्योग), परिमंडळ (ठिकाणाचा विभाग) आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल असे तीन धागे लागतात. कॅन्टीनचा माणूस आणि मशीनवरचा माणूस एकाच तक्त्यात बसत नाहीत.

व्यवसाय कर: पुरुषांना १०,००० च्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंत शून्य. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्याच पगारात. बारा महिने कापणारी सिस्टिम असेल तर तिथेच थांबा.

चाकण_एचआर
धन्यवाद, ताई. एक अडचण आहे. बिल येतं ५ तारखेला आणि त्याच महिन्याच्या पीएफ-ईएसआयची मुदत १५ तारखेपर्यंत. मग बिलासोबत चलन मागच्या महिन्याचंच येणार ना?

लेखा_कोथरूड
येतं ते मागच्याच महिन्याचं, आणि गडबड तिथेच मुरते. कंत्राट सोडून जाणारा कंत्राटदार शेवटच्या महिन्याचं चलन कधीच जोडत नाही, कारण त्याचं शेवटचं बिल तोवर निघालेलं असतं.

बिलाचे दोन भाग करा. पहिल्या भागात वेतन, ओव्हरटाइम आणि सेवाशुल्क. हा भाग बँकेतून पगार जमा झाल्याचा पुरावा आला की लगेच सोडायचा. दुसऱ्या भागात मालकाचा पीएफ-ईएसआय हिस्सा. तो त्याच महिन्याची ईसीआर जुळली की सोडायचा. बोनस आणि रजेचा पगार दर महिन्याला बिलात लावू देऊ नका. प्रत्यक्ष वाटप झाल्यावर यादीप्रमाणे द्या, नाहीतर वर्षभर पैसे कंत्राटदाराकडे जातात आणि मधेच सोडून गेलेल्या माणसाला काहीच मिळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये कामगारनिहाय "देय पण न दिलेलं" असं खातं असेल तर हे सोपं जातं.

पगाराचा पुरावा म्हणजे कंत्राटदाराचं एक्सेल नव्हे. बँकेची फाइल हवी, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक असलेली. सिस्टिमने दोन साध्या गोष्टी तपासाव्यात: एकाच खाते क्रमांकावर एकाहून अधिक कामगार आहेत का, आणि एकाच मोबाइलवर किती नावं आहेत. सहा जणांचा पगार मुकादमाच्या खात्यात जातो तो याच तपासणीत सापडतो.

आता सेवाशुल्काबद्दल, कारण खरेदी विभाग सगळ्यात कमी टक्केवारीला काम देतो आणि पुढचं दुखणं तिथूनच सुरू होतं. ताईंचाच आकडा घ्या. वेतन १३,०००, घरभाडे ६५०, पीएफ १३ टक्के म्हणजे १,६९०, ईएसआय ४४४, बोनस १,०८३. एकूण १६,८६७. यावर २ टक्के सेवाशुल्क म्हणजे ३३७ रुपये. कंत्राटदाराला पगार ७ तारखेच्या आत द्यायचा, तुमचं बिल मात्र ४५ दिवसांनी मिळणार. बोनस बाजूला ठेवला तरी १५,७८४ रुपयांचं ४५ दिवसांचं व्याज वार्षिक १२ टक्क्यांनी २३४ रुपये होतं. उरले १०३. त्यात सुपरवायझर, बूट, हेल्मेट, ऑफिस आणि नफा. शिवाय संपूर्ण बिलावर १८ टक्के जीएसटी त्याने तुमचे पैसे मिळण्याआधीच भरायचा. हे गणित बसतच नाही. मग ते कामगाराच्या दिवसांत किंवा पीएफमध्ये बसवलं जातं. म्हणून निविदा मागवतानाच सिस्टिमने दराचं हे विवरण भरून घ्यायला हवं आणि सेवाशुल्क तुमच्याच पैसे देण्याच्या मुदतीवरच्या व्याजापेक्षा कमी असेल तर निविदा पुढे जाऊच देऊ नये.

पंच_आणि_पोल
गेटबद्दल लिहितो.

बोटाचे ठसे फाउंड्री, ग्राइंडिंग आणि सिमेंटच्या कामात टिकत नाहीत, कातडी घासली जाते. तिथे चेहऱ्याचं मशीन किंवा कार्ड अधिक फोटो. चेहऱ्याचं मशीन उन्हाच्या तोंडावर लावू नका. सकाळच्या पाळीला मागून थेट ऊन आलं की ओळख पटत नाही, रांग वाढते आणि सुरक्षारक्षक फाटक उघडून सगळ्यांना आत सोडतो. मग अख्ख्या पाळीची हजेरी हाताने लावायची. ७ च्या पाळीला १५० माणसं १५ मिनिटांत आत यायची असतील तर मिनिटाला १० होतात. एका पोलने (एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या फाटकाने) माणशी ८ सेकंद घेतले तर मिनिटाला साडेसात. म्हणजे किमान दोन पोल हवेत.

कंट्रोलरमध्ये परवानगी असलेल्यांची यादी स्थानिक साठवलेली हवी, म्हणजे नेट गेलं तरी पोल चालतो आणि पंच नंतर वर चढतात. चढताना मशीनची वेळ घेतली जाते, सर्व्हरची नाही. त्यामुळे सगळ्या मशीनची घड्याळं एकाच टाइम सर्व्हरशी जोडा. दोन गेटच्या घड्याळांत सहा मिनिटांचा फरक पडला की बाहेर जाण्याचा पंच आत येण्याच्या आधीचा दिसतो आणि जोडी मोडते.

रात्रपाळी हा सगळ्यात मोठा खड्डा. २३ ते ७ च्या पाळीचे पंच दोन तारखांत पडतात. "पहिला पंच आत, शेवटचा बाहेर" असा दिवसाप्रमाणे हिशेब करणारी सिस्टिम रात्रपाळीला एक दिवस गैरहजर आणि दुसऱ्या दिवशी १६ तास दाखवते. पाळीला पंच जोडायची खिडकी हवी, उदाहरणार्थ पाळीच्या दोन तास आधीपासून चार तास नंतरपर्यंत. चुकलेला पंच दुरुस्त करता यायला हवा, पण मूळ नोंद पुसली जाता कामा नये. दुरुस्ती वेगळ्या ओळीत, कारणासह, दोन सह्यांनी.

मस्टर_तपासनीस
रात्रपाळीवरून डबल हजेरीचा मुद्दा. दुसरी पाळी करून माणूस तसाच तिसरीला थांबतो. ते आठ तास ओव्हरटाइम आहेत. ताशी ६२.५० चा दुप्पट दर १२५, म्हणजे १,००० रुपये. कंत्राटदार मात्र मस्टरवर पुढच्या एखाद्या रिकाम्या तारखेला "हजर" लिहितो आणि ५०० देतो. कंपनीला बिल कमी येतं म्हणून कोणी विचारत नाही. सिस्टिममध्ये हे पकडायला तीन नियम पुरतात: मस्टरवर हजर पण त्या तारखेला गेट पंच नाही; सलग आत राहण्याचा वेळ १२ तासांहून जास्त; आणि महिन्याच्या मस्टरवर साप्ताहिक सुट्टी एकही नाही. तिन्ही एकाच माणसाला लागले तर चौकशीची गरजच उरत नाही, थेट फरक काढा.

दर महिन्याच्या २ तारखेला कामगाराच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत मेसेज जायला हवा: हजर दिवस, ओव्हरटाइमचे तास, हातात येणारी रक्कम. हरकत घ्यायला दोन दिवस. चुका शोधायला याहून चांगली तपासणी नाही, कारण आपले दिवस कामगार स्वतः मोजतोच.

श्रमकायदा_वाचक
सॉफ्टवेअर निवडताना कायद्याची एक बाजू राहून जाते. कंत्राट खरं की दिखाऊ, हे ठरवताना न्यायालय बघतं की कामावर प्रत्यक्ष ताबा कोणाचा. २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत असं म्हटलं, पण कंत्राट हा नुसता पडदा असेल तर गोष्ट वेगळी. आता तुमच्या सिस्टिममध्ये कंत्राटी कामगाराची रजा तुमचा लाइन मॅनेजर मंजूर करतो, पाळी तोच लावतो, ताकीदपत्रही त्याच्याच लॉगिनमधून निघतं, तर हा पडदा असल्याचा तारीखवार पुरावा तुम्हीच साठवताय. ही कामं कंत्राटदाराच्या सुपरवायझरच्या लॉगिनमधूनच व्हायला हवीत. आणि कामाची पद्धतही खरोखर तशी असायला हवी. लॉगिनचं नाव बदलून भागत नाही.

कामगाराचे २४० दिवस भरत आले (सलग सेवा मोजायचा आकडा) अशी सूचना देणारा अलर्ट बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. तो बघून कामगाराला कृत्रिम ब्रेक द्यायचा ही वापराची सर्रास पद्धत, आणि ती चूक आहे. वर्षानुवर्षं तात्पुरते म्हणून ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे. हा अलर्ट ब्रेकसाठी नव्हे, तर "हे काम कायमस्वरूपी आहे का" याचा आढावा घेण्यासाठी लावा. कंत्राटदार बदलला तरी माणूस तोच असेल तर त्याची नोंद एकच राहायला हवी. प्रत्येक कंत्राटदाराबरोबर नवा कर्मचारी क्रमांक देणारी सिस्टिम हा इतिहास पुसते.

परवाना: कंत्राटदाराचा परवाना ८० माणसांचा असेल तर कोणत्याही एका दिवशी तिन्ही पाळ्या मिळून वेगवेगळी माणसं ८० च्या आत हवीत. पाळीमागे ८० नव्हेत. ७२ वर इशारा, ८० वर पास बंद.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या दोन गोष्टी सिस्टिममध्ये आधी घाला. एक, भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मोजायचा: एकूण २०,०००, मूळ वेतन आणि महागाई भत्ता ८,०००, तर १०,००० वर गेलेले २,००० परत वेतनात, म्हणजे वेतन १०,०००. दोन, काम सोडलं किंवा काढलं की दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. गेट पास बंद केला की तिथूनच हे घड्याळ सुरू व्हायला हवं.

हमाल_मापाडी_माहिती
अवांतर नाही, पण कोणी लिहिलं नाही म्हणून. माथाडी मंडळाच्या टोळ्या या सिस्टिममध्ये कंत्राटदार म्हणून घुसवू नका. १९६९ च्या कायद्याने त्यांची मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची ठरावीक टक्केवारी) मंडळाकडे भरायची असते आणि मंडळ कामगारांना देतं. त्यांचा हिशेब दिवसावर नाही, बहुधा टनावर किंवा नगावर असतो. त्यांना गेट पास द्या, हजेरी ठेवा, पण बिलाचा रस्ता वेगळा. सुरक्षारक्षक मंडळाचे रक्षकही तसेच, १९८१ च्या कायद्याखाली. शिकाऊ उमेदवार तिसरा प्रकार: विद्यावेतन, पीएफ-ईएसआय नाही, आणि त्यांची संख्या २.५ ते १५ टक्क्यांत बसवताना कंत्राटी कामगारही एकूण संख्येत मोजायचे.

हिंजवडी_सोर्सिंग
आयटी कंपन्यांत कंत्राटी मनुष्यबळासाठी फील्डग्लास, बीलाइन यांसारख्या तयार सिस्टिम वापरतात. त्यांचा प्रवास वेगळा: मागणी, ती पुरवठादारांना पाठवणं, उमेदवारांची निवड, वर्क ऑर्डर, टाइमशीट, बिल. दर तासाचा किंवा महिन्याचा आणि कौशल्यागणिक रेट कार्ड. एकच बायोडेटा दोन पुरवठादारांनी पाठवला तर हक्क कोणाचा, हे ठरवायला ती चांगली. कारखान्याच्या गेटसाठी मात्र वर लिहिलेलं बहुतेक सगळं वेगळं बनवून घ्यावं लागेल. त्यांच्याकडून एक गोष्ट जरूर घ्या: मंजूर वर्क ऑर्डरशिवाय माणूस आत येऊच शकत नाही आणि वर्क ऑर्डरची रक्कम संपली की बिल बनतच नाही.

पंच_आणि_पोल
पासबद्दल राहिलं होतं. पहिल्या दिवशी काय सक्तीचं आणि कशाला मुदत, हे आधी ठरवा. माझं मत: ईएसआय क्रमांक पहिल्या पावलाआधी. तिसऱ्या दिवशी बोट मशीनमध्ये गेलं आणि क्रमांक नसेल तर दवाखान्यापासून भरपाईपर्यंत सगळं अडतं. मर्यादेबाहेरच्या माणसाला भरपाई विम्याची पॉलिसी, नावासह. नवा यूएएन ऑगस्ट २०२५ पासून उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळून काढावा लागतो, त्याला आधारच्या नाव-जन्मतारखेच्या घोळाने वेळ लागतो. म्हणून त्याला सात दिवसांचा तात्पुरता पास. उंचीवरच्या कामाची वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षा प्रशिक्षण यांची मुदत संपली की पास आपोआप बंद. फक्त मेल पाठवणारी सिस्टिम नको.

आधारच्या झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं बंद करा. शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार पुरतं, आणि क्यूआर कोडवरून ऑफलाइन पडताळणी होते. चेहरा-ठसा कशासाठी घेतला, हे कामगाराला समजेल अशा भाषेत लिहून द्या.

चाकण_एचआर
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: सुरुवात कुठून करू, आणि विक्रेत्याची परीक्षा कशी घेऊ?

मस्टर_तपासनीस
आधी फक्त कामगारांची यादी साफ करा: यूएएन, ईएसआय क्रमांक, बँक खातं, आधारवरचं नाव. ४५० माणसांना तीन-चार आठवडे सहज लागतात. ते न करता गेट जोडलं तर पहिल्याच सोमवारी शंभर माणसं बाहेर उभी राहतील. मग एका कंत्राटदारावर, शक्यतो सगळ्यात नीट कागद असलेल्यावर, एक पूर्ण महिना जुनी आणि नवी पद्धत बरोबरीने चालवा. फरक शून्य आले की बाकीचे एकेक करून. बिल अडवण्याचा नियम सगळ्यात शेवटी सुरू करा, आणि त्याआधी कंत्राटदारांना एक महिना नुसत्या लाल ओळी दाखवा.

डेमोसाठी विक्रेत्याचा डेटा वापरू देऊ नका. तुमचा मार्च-एप्रिल अशा दोन महिन्यांचा डेटा नावं बदलून द्या आणि त्यात मुद्दाम या चुका पेरा: एका खात्यावर दोन कामगार, २४ दिवस हजर पण एनसीपी १४, रात्रपाळीत बाहेरचा पंच गायब, ओव्हरटाइममुळे २१,००० ओलांडलेला माणूस, मार्चमध्ये एका आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या कंत्राटदाराकडे असलेला तोच यूएएन, महिन्याच्या मध्ये बदललेला किमान वेतनाचा दर, आणि गेटवर कधीच न दिसलेली पण बिलात असलेली दोन नावं. फाइल दिल्यापासून तासाभरात सातही सापडले तर पुढची बोलणी करा. शेवटची दोन नावं जरी निसटली, तरी तो विक्रेता बाद.